पांढरी निवळ

उषाबाईंना बसा म्हणावं लागत नाही. पंखा जिथे लागतो तिथे त्या आपसूक पोचतात, खाटेवरची माझी घडी घातलेली गोधडी सरकवतात आणि पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आत जे मागायचं ते मागून मोकळ्या होतात. माझ्या नवऱ्याची, बन्सीलालची, थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना असंच सोसते आहे. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी होती. सुरतेत, उधन्याच्या आमच्या गल्लीत कापड विणायचे सांचे बंद असले की मला माझेच कान बंद झाल्यासारखे वाटतात. रोज त्या खडखडाटात माणूस ओरडून बोलतो, तर निम्मं ऐकू येतं आणि निम्मं सोडून देता येतं. सुट्टीच्या दिवशी सगळंच ऐकावं लागतं. तशात या आल्या. पिशवीतून नारळ काढला, ब्लाउजपीस काढला, पेढ्यांचा पुडा काढला आणि म्हणाल्या, "सरला, आता आखाजीला साखरपुडा करून टाकू. बोललेलंच आहे, नव्यानं काय बोलायचं? तारा माझ्या योगराजची." ओट्याशी माझी लेक तारा चहा टाकत होती. तिची पाठ ताठ झाली, मला दिसली. मग उषाबाई बोलत राहिल्या. उन्हाळा किती, पाणी कधी येतं, कोणाच्या सुनेनं कोणाला काय उत्तर दिलं, अक्षय्य तृतीयेला गावाकडचं कोण कोण येईल, मांडे करायला खापर इथे मिळेल की तिकडून आणावं. सगळं बोलल्या. हजिऱ्याला लागायच्या नोकरीचं नाव मात्र काढलं नाही. योगराजच्या रक्ताचं तर नाहीच नाही. मला राग आला तो याचा. मागणं त्यांचा हक्क आहे. आमच्यात मामाच्या पोरीवर आत्याचा पोरगा पहिला, आणि बन्सीलाल गेले तेव्हा तेराव्याच्या दिवशी याच बाईनं माझी तारा मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ही माझी. मी हो म्हटलं होतं. तेव्हा मला हो म्हणणारं माणूस हवंच होतं. पण भाजीबाजारात वांगं देणारीसुद्धा देठ उचलून दाखवते. या तर पदराखाली झाकून पोरगा द्यायला आल्या होत्या.

त्यांना वाटलं मला काही माहीत नाही. मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. त्यांना योगराजनं मागाहून सांगितलं, माझं नाव न घेता. योगराज आधी माझ्याकडेच आला होता. पलसाण्याला डाईंग मिलमध्ये तो कापडाच्या मशिनीवर आहे. दिवसभर वाफेत उभा असतो, आणि बोटांच्या पेरांत निळा नाहीतर गुलाबी रंग मुरलेला असतो. हजिऱ्याच्या एका कंपनीत त्याला पक्की नोकरी लागायची होती. न्यायला बस, जेवायला कॅन्टीन, वर्दी. सगळं ठरलं, आणि शेवटी सगळ्यांचं रक्त घेतलं तेव्हा याला बाजूला काढलं. बाहेरून पुन्हा तपासून आणा म्हणाले. पोरगा तिथून निघाला तो थेट माझ्या दारात. "मामी, आईला सांगू नको. ती रडत बसेल आणि मला तिचं रडणं आवरत बसावं लागेल. तू चल माझ्यासोबत." मी म्हटलं, तुला काय झालंय? दोरीसारखा पोरगा. पोट नाही, गाल नाहीत, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा. मला वाटलं कंपनीवाल्यांना कोणी आपला माणूस घ्यायचा असेल.

लॅबोरेटरी साडीच्या दुकानावर होती. जिना इतका अरुंद की मी आडवी होऊन चढले. खालून नव्या साड्यांच्या खळीचा वास येत होता आणि वर स्पिरिटचा. आम्हाला थांबवलं म्हणून थांबलो. काचेच्या पलीकडे लाकडी घोडीत नळ्या उभ्या होत्या, लोकांच्या रक्ताच्या. खाली काळपट लाल बसलेलं आणि वर स्वच्छ पिवळसर पाणी, ताक ठेवलं की निवळ वर येते तसं. मी बघत बसले. बघायला दुसरं काही नव्हतं. एकाच नळीत ती निवळ पांढरी होती. पेजेसारखी. आणि तिच्या वर, अगदी काठाशी, जाड पांढरा थर. मी जन्मभर दूध तापवलंय, मला तो थर ओळखायला शिकवावं लागत नाही. साय होती ती. लॅबवाला ती नळी उजेडाला धरून बघत होता. मग बाहेर आला आणि योगराजला म्हणाला, "शुं खाईने आव्या?" काही नाही, योगराज म्हणाला. "साचुं बोलो. मलाई खाधी?" मला संताप आला. मी म्हटलं, "भाऊ, पोरगं काल संध्याकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही सांगितलं म्हणून चहाचा घोटसुद्धा दिला नाही. तू तुझी नळी धुतलीस का ते बघ आधी." तो हसला नाही, चिडला नाही. उद्या पुन्हा या म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा पांढरी. योगराजनं बाहीचं बटण लावलं आणि मला विचारलं, "मामी, हे माझं आहे?" जणू दुकानात कोणाची पिशवी अदलाबदल झाली असावी. मी म्हटलं, "चल घरी." घरी आले आणि सवयीनं दूध गॅसवर ठेवलं. ते वर आलं, खाली बसलं, गार झालं, साय धरली. मी झारा हातात घेऊन उभी. मला ती साय काढवेना. ताराच्या गुजरातीत सांगायचं तर, हाथ ज नहीं उपड्यो, हातच उचलला नाही. पातेलं तसंच झाकून ठेवलं आणि त्या दिवशी सगळ्यांना कोरा चहा पाजला. दूध फाटलं म्हणून सांगितलं.

डॉक्टर गुजराती, तरुण, पण बोलणं थोराड. त्यानं योगराजचं रक्त नंतर बघितलं, आधी त्याचं तोंड वळवून खिडकीकडे धरलं आणि डोळ्याच्या पापणीवर बोट ठेवलं. नाकाच्या बाजूला, वरच्या पापणीच्या कोपऱ्यात, हळदीचा वाळलेला ठिपका असावा तसा पिवळा चट्टा. "ये कब से है?" दोन-तीन वर्षांपासून, योगराज म्हणाला. मी म्हटलं, "हा तर आमच्या घराण्याचा आहे. त्याच्या मामाला होता." डॉक्टरनं मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोलले नाही. पुढचं होतं ते असं, की माझी सासू त्याला लक्ष्मीचं बोट म्हणायची. ज्याच्या पापणीला लक्ष्मी बोट लावते त्याच्या घरात दाणा कमी पडत नाही. बन्सीलालच्या दोन्ही पापण्यांवर होतं. दुपारपाळी करून ते पहाटेपर्यंत मेल्यासारखे झोपायचे, आणि मी उठताना त्या चट्ट्यांवरून बोट फिरवायची. मऊ लागायचं, लोण्याची कणी चिकटावी तसं. कोणाला सांगितलं नाही कधी, सांगण्यासारखं नव्हतंच. योगराजला तो डाग उमटलेला बघितला तेव्हा मला बरं वाटलं होतं. मामाचं काहीतरी भाच्यात आलं, पोरीला घरातलंच माणूस मिळेल, ओळखीच्या डोळ्यांचं. आणि आता हा डॉक्टर म्हणत होता की ती चरबी आहे. रक्तात मावत नाही तेव्हा कातडीत येऊन बसते. जे पापणीवर दिसतं तेच आत हृदयाच्या नळ्यांत बसलेलं असतं, तिथे बघायला खिडकी नाही, म्हणून इथे बघायचं. वर साखर निघाली, दाबही निघाला. मला आई म्हणावं तसं बा म्हणत तो म्हणाला, "बा, ये तीनों अकेले नहीं आते. एक आता है तो बाकी दो को बुला लेता है." गोळी जन्मभर घ्यायची म्हणाला. मग वही बाजूला सारून त्यानं विचारलं, घरात कोण कोण कशानं गेलं?

कशानं गेलं. बन्सीलाल सांच्याजवळ गेले. छातीत गॅस धरलाय म्हणून नाक्यावर सोडा पिऊन आले होते, पुन्हा कामाला लागले, आणि चालत्या सांच्याशेजारी खाली बसले. शेजारचा कारागीर म्हणाला, त्याला वाटलं धागा तुटला म्हणून वाकलेत. सांचा चालूच होता. माणूस गेल्यावरही कापड विणलं जात होतं, थोडंच, पण विणलं गेलं. ते कापड पुढे कुठे गेलं कोण जाणे. कोणीतरी नेसलं असेल. चाळिशी नुकती लागली होती. त्यांचे वडील गाडीला बैल जुंपता जुंपता गेले होते, तेही चाळिशीच्या आत. त्यांचा काका लग्नात जेवून उठताना. मी त्या घरात लग्न होऊन गेले तेव्हा सासरा नाही, चुलतसासरा नाही, आजेसासऱ्याचा तर फोटोही नाही. मला वाटलं होतं, बरं झालं, डोक्यावरचा पदर सरकला तर बोलणारं कोणी नाही. कोणाला गॅस धरला, कोणाला ऊन लागलं, कोणाला नजर. प्रत्येकाला वेगळं कारण होतं. डॉक्टरसमोर एकामागून एक सांगत गेले तशी ती कारणं गळून पडली आणि नुसती माणसं राहिली, एका ओळीत, सगळी काळ्या केसांची.

उषाबाईंनी भावासाठी कारण शोधून ठेवलं होतं. दहाव्याच्या दिवशी, बायका बसलेल्या, माझ्या कपाळावरचं नुकतंच पुसलेलं, आणि या म्हणाल्या, "मना भाऊले तेलमा तयं तू." माझ्या भावाला तेलात तळलंस. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही, दाढेखाली धरून आहे. तेल मी घालायची, घालतेच. आमच्याकडे खान्देशात पाहुण्याच्या वाटीत शेवभाजीवर बोटभर तेल तरंगलं नाही तर पाहुणा वाटी बघतो आणि मग आपल्याकडे बघतो. भरीत ताटात ठेवलं की त्याच्या कडेनं तेल सुटायला पाहिजे. सुरतेला आले तेव्हा आमच्याकडे एक खोली होती आणि दोन पातेली, पण तर्रीला मी कधी कमी केलं नाही. गुजरातणी शेजारणी साखर घालून डाळ खायच्या, त्यांनी माझ्या हातची भाजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा वाटी पुढे केली. उषाबाईंनीही केली. भाऊ जिवंत असताना आणि मेल्यावरही. डॉक्टरला मी सरळ विचारलं, तेलानं होतं का हे? तो म्हणाला, तेलानं वाढतं, पण येतं घरातून. निम्मं रक्त आणते, निम्मं ताट आणतं. मला निम्मं नको होतं. मला एका बाजूचं उत्तर हवं होतं आणि ते घेऊन एकदा उषाबाईंच्या दारात जायचं होतं.

मग त्यानं सांगितलं की मामाची मुलगी आहे तर तिचंही बघा. आणि तुमचंही बघू, बा, तुमचं वजन जास्त आहे. ताराला घेऊन गेले. तारा साड्यांना टिकल्या लावते, दिवसभर मान खाली, जेवते चिमणीइतकं, सायीचा वास आला तरी नाक मुरडते. माझी नळी आणि तिची नळी शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि दोन्हींची निवळ स्वच्छ. मला इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना मी कठड्याला धरलं नाही. संध्याकाळी डॉक्टरनं आकडे बघितले. "बा, तमारुं तो एकदम चोख्खुं छे." मी ऐंशी किलोची बाई, तेलात वाढलेली, तेलानं बदनाम झालेली, आणि माझं रक्त चोख्खं. मी हसणार होते, पण तो ताराकडे बघत होता. तिच्या रक्तात चरबी होती. योगराजइतकी नाही, साखर नाही, पण तिच्या वयाला नको तितकी. डोळ्यांना दिसत नाही म्हणाला, स्वच्छ दिसतं, पण आहे. बापाकडून आलं आहे. मी त्याला तिथेच सांगून टाकलं की या दोघांचं लग्न ठरलेलं आहे. त्यानं पेनाला टोपण घातलं. मग म्हणाला की एकाकडून आलं तर माणूस चाळिशीपर्यंत बेफिकीर फिरतो. दोघांकडून आलं तर मूल तितकं थांबेल असं सांगता येत नाही. काही मुलांना शाळेत असतानाच हृदयाचा झटका येतो. होईलच असं नाही, पण मी माझ्या बहिणीचं असं लग्न केलं नसतं, म्हणाला. तारा पर्सच्या पट्ट्याशी खेळत होती. तिनं मान वर केली नाही.

रिक्षात ती बोलली. म्हणाली, "मम्मी, मग तर बरंच आहे की. दोघांना सारखंच पथ्य. एकाच डब्यात दोघांचं होईल." मग बाहेर बघत, "छोकरं नहीं थाय तो पण चालशे." मूल नाही झालं तरी चालेल, ही विसाव्या वर्षी पोरीनं म्हणायची गोष्ट नाही. पण ती रडतही नव्हती. तिनं हिशेब मांडल्यासारखं सांगितलं. आणि मला तो योगराज आठवत होता, दहा-बारा वर्षांचा, बन्सीलाल गेले त्या वर्षी, माझ्या दारात उभा. मामी, ताराला खेळायला पाठव. मी त्याला माझ्या ताटात जेवू घातलेलं आहे. माझ्या लेकीला त्याच्याइतका जपणारा मिळणार नाही हे मला कोणी सांगायला नको. हे सगळं मला त्या रिक्षात कळत होतं, आणि उधना येईपर्यंत कळतच राहिलं. उपाय काही सुचला नाही.

हे सगळं झाल्यावर उषाबाई नारळ घेऊन आल्या होत्या. मी त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, "योगराज हजिऱ्याला कधी हजर होतोय?" पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडता सोडता म्हणाल्या, "होईल की. साहेब गावाला गेलाय." मी म्हटलं, "उषाबाई, त्याची नळी मी बघितली आहे. दोनदा. मीच घेऊन गेले होते." दोरी तशीच राहिली. मला वाटलं आता त्या नाकबूल होतील, आणि त्यासाठी मी तयार होते. पण त्यांचा चेहरा एकदम सैल पडला आणि मला त्या पहिल्यांदा म्हातारीकडे झुकलेल्या दिसल्या. "तुला ठाऊक होतं वं?" म्हणाल्या. "मग तर आणखी बरं. सरला, परकी पोरगी आणली तर गोळ्यांचा डबा बघून ती माहेरी निघून जाईल. तारा आपली आहे. ती सांभाळेल त्याला. मी कोणाच्या हाती देऊ?" हे खरं होतं. खरं ऐकलं की माझा आवाज चढतो, तसा चढू नये म्हणून मी गप्प बसले, तर त्यांना वाटलं मी नरमले. त्या लगेच सावरल्या. "आणि तुझ्याच घरी जेवून जेवून झालंय हे त्याला. आधी भाऊ, आता पोरगा. आता तूच निस्तर."

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. इतकी वर्षं दाढेखाली धरलेल्या त्या वाक्याचं. तेल नाही, उषाबाई, रक्त. तुमचं रक्त. तुमच्या बापाचं, तुमच्या काकाचं, तुमच्या भावाचं. माझं चोख्खं आहे, डॉक्टरनं सांगितलंय. एवढंच बोलून थांबले असते तरी जिंकले असते. योगराजचं नाव उधन्यापासून लिंबायतपर्यंत सगळ्या खान्देशी घरांत गेलं असतं, आणि ताराचं कुठेच गेलं नसतं. तिची निवळ तर स्वच्छ दिसते. डॉक्टर कोणाला सांगायला येणार नव्हता. दोन महिन्यांत मी तिला कोणा भल्या घरात देऊन मोकळी झाले असते. हे मनात आलं, अगदी सरळ आलं, आणि मला त्याचं नवलही वाटलं नाही. उषाबाई माझ्याकडे बघत होत्या, भांडणासाठी पदर सावरून. त्यांना माझ्याकडून तेच अपेक्षित होतं. तारा कपबशा घेऊन आली आणि मधेच थांबली. चहा कोराच होता. त्या दिवसापासून आमच्याकडे कोराच होतो. तिनं आत्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती आता म्हणेल, मम्मी, चालशे. ती म्हणायच्या आत बोलायला हवं होतं.

मी म्हटलं, "उषाबाई, तेलाचं तुमचं निम्मं खरं. ते मी बघते, आजपासून योगराजचं जेवण इथून जाईल आणि त्यावर तेल दिसणार नाही. कोणी नावं ठेवली तर मला ठेवू दे. पण पोरगी मी देत नाही. तुमचा पोरगा खोटा म्हणून नाही. त्याच्या रक्तात जे आहे तेच माझ्या ताराच्या रक्तात आहे, तपासून आणलंय, आणि हे तुम्ही बाहेर सांगितलंत तरी मी नाही म्हणणार नाही. तुमच्या बापाचं दोघांत उतरलंय. ते दोन्हीकडून तिसऱ्या जिवावर घालायला मी बसलेली नाही. दोघांना वेगवेगळ्या घरी द्यायचं, आणि देताना सांगून द्यायचं. माझ्या पोरीचं मी सांगेन, तुमच्या पोराचं तुम्ही सांगा. कोणी नाही केलं तर राहू देत दोघं इथेच, माझ्या दोन बाजूंना, एक भाचा, एक लेक. रडतील, मला शिव्या देतील, बिनलग्नाची म्हातारी होतील. पण म्हातारी होतील."